सून फिलिपिन्सची, कागद दोन देशांचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखातातले इस्पितळ, क्रूझवरची नोकरी, मर्चंट नेव्ही अशा ठिकाणी ओळख होऊन जुळलेली लग्ने आता ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघरच्या मराठी घरांना नवलाची राहिलेली नाहीत. सून फिलिपिन्सची आहे म्हटल्यावर घरात चार दिवस चर्चा होते, मग हॉल ठरतो, गुरुजी ठरतात. कागदपत्रांचे मात्र "लग्न झाल्यावर बघू" असते, आणि तिथेच घात होतो. व्हिसाचा अर्ज अडतो तेव्हा दोष व्हिसाच्या फॉर्ममध्ये क्वचितच असतो. तो काही महिने आधी, लग्न कोणत्या कायद्याखाली लावले आणि दाखल्यावर नाव कसे लिहिले, यात असतो. त्यासाठी हे पत्र.

पहिली गोष्ट लग्नाच्या कायद्याची. फिलिपिनो मुलगी बहुधा कॅथलिक असते. हिंदू विवाह कायद्याखालील लग्नासाठी दोघेही हिंदू असावे लागतात. हिंदू आणि ख्रिश्चन यांनी या कायद्याखाली हिंदू पद्धतीने लावलेले लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सुमारास दिलेला आहे. सप्तपदी करा, अक्षता टाका, जेवणावळी घाला, पण व्हिसासाठी तो पाया धरू नका. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात मिळणारा दाखला १९९८ च्या राज्य कायद्याखालचा असतो. तो झालेल्या लग्नाची नोंद करतो. वैध नसलेले लग्न वैध करत नाही. "दोन दिवसांत सर्टिफिकेट काढून देतो" म्हणणारे एजंट नेमका हाच फरक सांगत नाहीत.

सरळ मार्ग म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. यात धर्माचा प्रश्न येत नाही. ज्या जिल्ह्यात दोघांपैकी किमान एकजण नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. हरकतीसाठी ३० दिवस जातात, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न होते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही तर नोटीस रद्द होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. वधू-वरांनी म्हणायचे वाक्य दोघांना समजेल अशा भाषेत असावे, असे कायदाच सांगतो. फिलिपिनो मुलींना इंग्रजी येतेच, तेव्हा मराठीतले वाक्य तिच्याकडून पाठ करून घेण्याची हौस घरच्या समारंभासाठी राखून ठेवावी.

नवी मुंबईकरांचा इथे हमखास गोंधळ होतो. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरच्या मुलाने ठाण्यात नोटीस द्यायची तर ठाणे जिल्ह्यातल्या ३० दिवसांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो सहसा नसतो. पत्त्यावर "नवी मुंबई" असणे पुरेसे नाही, जिल्हा बघावा लागतो.

आता दिवसांचे गणित. ती ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर आली, तिसऱ्या दिवशी नोटिशीवर सही झाली, तर हरकतीची मुदत संपण्याआधी व्हिसा संपतो. म्हणून जास्त मुदतीचा व्हिसा घ्यावा. परतीचे तिकीट काढतानाही नोटिशीचे ३० दिवस, लग्नाची तारीख, दाखला हाती येण्याचे दिवस आणि त्यापुढच्या अर्जाचे दिवस एकत्र मोजावेत.

तिने मनिलाहून निघताना काय आणायचे? पीएसएने, म्हणजे फिलिपिन्सच्या सांख्यिकी प्राधिकरणाने दिलेला जन्मदाखला आणि सेनोमार. सेनोमार म्हणजे तिच्या नावावर तिथे लग्नाची नोंद नाही असा दाखला. तो जुना चालत नाही, साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात. दोन्हींवर तिथल्या परराष्ट्र खात्याचे, म्हणजे डीएफएचे अपोस्टिल हवे. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचे, करारातल्या इतर देशांत चालणारे प्रमाणपत्र. फिलिपिन्समध्ये अपोस्टिलची पद्धत १४ मे २०१९ पासून लागू झाली आणि भारत २००५ पासून अपोस्टिलच्या त्याच आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्यामुळे या कागदांवर पुन्हा दूतावासाचा शिक्का मारून घेण्याचे जुने काम उरलेले नाही. याशिवाय इथला विवाह अधिकारी तिच्या दूतावासाचे "लग्नास अडथळा नाही" असे पत्र मागतो. फिलिपिन्सचा दूतावास दिल्लीत चाणक्यपुरीत आहे. हे पत्र नोटिशीच्या आधी हाताशी असावे, त्याची धावपळ नोटिशीनंतर करू नये.

तिचे आधी लग्न झाले असेल तर प्रकरण फार गंभीर होते, आणि याविषयी घरोघरी चुकीचे समज आहेत. फिलिपिन्समध्ये मुस्लिमांसाठीचा वेगळा कायदा सोडला तर घटस्फोटाची तरतूद नाही. "ती पाच वर्षे वेगळी राहते" याचा अर्थ ती कायद्याने मोकळी आहे असा होत नाही. दोघेही फिलिपिनो असताना आखातातल्या न्यायालयातून घटस्फोट आणला तरी मनिलाच्या दप्तरी ती विवाहितच राहते. तिथे न्यायालयाकडून लग्न रद्द ठरवून घ्यावे लागते. त्या निकालाची प्रत, निकाल अंतिम झाल्याचा दाखला आणि निकालाची नोंद घातलेला पीएसएचा विवाहदाखला, असे तिन्ही कागद हवेत. आधीचा नवरा परदेशी असेल आणि परदेशात घटस्फोट झाला असेल, तर तिथल्या कौटुंबिक संहितेच्या कलम २६ प्रमाणे तिला पुन्हा लग्न करता येते. पण तो घटस्फोटही आधी तिथल्या न्यायालयाकडून मान्य करून घ्यावा लागतो. यात महिने नव्हे, वर्षे जाऊ शकतात. आपल्या विशेष विवाह कायद्यातही पहिले लग्न कायम आणि तो जोडीदार हयात असताना दुसरे लग्न लागत नाही. तेव्हा हा प्रश्न साखरपुड्याच्या आधी विचारावा. विचारायला संकोच वाटतो हे खरे, पण सेनोमार मागवला की संकोचाचे कारणच राहत नाही.

यानंतर नाव. सर्वांत जास्त अर्ज मागे येतात ते नावामुळे, म्हणून थोडे सविस्तर.

आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. लग्नानंतर मधल्या जागी नवऱ्याचे नाव. फिलिपिन्समध्ये मधले नाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. मारिया सांतोस रेयेस या नावात रेयेस हे वडिलांचे आडनाव आणि सांतोस आईचे. ती लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावू लागली, तर वडिलांचे आडनाव मधे सरकते आणि ती मारिया रेयेस पाटील होते. इथल्या कार्यालयात मात्र "मधले नाव" म्हटले की कारकुनाचा हात आपसूक वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाकडे वळतो, आणि दाखल्यावर येते मारिया राजेश पाटील. या नावाची बाई जगातल्या कुठल्याच पासपोर्टवर नसते. मग प्रतिज्ञापत्र, दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा अपोस्टिल. विवाहदाखल्यावर वधूचे नाव तिच्या सध्याच्या पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने यायला हवे. नोटिशीचा मसुदा छापला जाण्यापूर्वी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे.

आणखी काही खाचखळगे आहेत. जन्मदाखल्यावर "मारिया"चे संक्षिप्त रूप "मा." आणि पासपोर्टवर पूर्ण "मारिया", किंवा याच्या उलट. "दे ला क्रूझ" एका कागदावर जोडून, दुसऱ्यावर तोडून. "एन"वर लाट असलेले स्पॅनिश अक्षर आपल्या ऑनलाइन फॉर्ममध्ये उमटत नाही, तिथे साधा "एन" घालावा आणि तोच सगळीकडे ठेवावा. तारखांचेही तसेच. फिलिपिन्समध्ये अमेरिकी पद्धतीने आधी महिना लिहितात. ०५/०८ ही त्यांच्याकडे ८ मे आणि आपल्याकडे ५ ऑगस्ट. शक्य तिथे महिना अक्षरांत लिहावा.

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे अशी सक्ती दोन्ही देशांत नाही. फिलिपिन्सच्या नागरी संहितेच्या कलम ३७० मध्ये स्त्री नवऱ्याचे आडनाव लावू शकते असे आहे, लावलेच पाहिजे असे नाही. व्हिसा माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर बिनदिक्कत मिळतो. सासूबाईंना पाटील आडनाव हवे असेल तर पत्रिकेवर छापावे, पासपोर्टची घाई करू नये. व्हिसाचा अर्ज चालू असताना पासपोर्ट बदलणे म्हणजे आपल्या हाताने फाईल थांबवणे.

लग्न फिलिपिन्समध्येच करायचे झाले तर वेगळे गणित. २०२५ पासून भारतीय पर्यटकांना तिथे १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते, त्यामुळे "जाऊन लग्न करून येतो" असे बेत होतात. पण तिथल्या विवाह परवान्यासाठी अर्जाची सूचना सलग १० दिवस लावलेली असावी लागते. शिवाय तिथल्या कौटुंबिक संहितेच्या कलम २१ प्रमाणे परदेशी वराने आपल्या दूतावासाकडून विवाहक्षमतेचा दाखला आणायचा असतो, म्हणजे मनिलाच्या भारतीय दूतावासाची फेरी आली. विवाहपूर्व समुपदेशन आहेच. १४ दिवसांत हे बसवणे जवळजवळ अशक्य. तेव्हा आधीच जास्त मुदतीचा व्हिसा घेऊन जावे. मुलगी २१ ते २५ वयाची असेल तर आईवडिलांचा लेखी सल्ला लागतो. तो नसेल किंवा प्रतिकूल असेल, तर परवाना सूचनेची मुदत संपल्यानंतर तीन महिन्यांनी मिळतो. परवाना १२० दिवस चालतो. लग्नानंतर स्थानिक निबंधकाची प्रत लगेच हाती येते, पण व्हिसासाठी पीएसएची प्रत आणि तिच्यावर अपोस्टिल हवे. स्थानिक कार्यालयातून पीएसएपर्यंत नोंद पोचायला वेळ जातो, आणि तो नवरदेवाच्या रजेत मावत नाही.

दोघे आखातात असतील तर तिथल्या भारतीय वकिलातीत विदेशी विवाह कायदा, १९६९ खाली लग्न करता येते. तिथेही नोटीस आणि ३० दिवस आहेतच.

इथे लग्न झाल्यावर दाखल्यावर आधी राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यावे आणि तो फिलिपिन्सच्या दूतावासात "रिपोर्ट ऑफ मॅरेज"साठी द्यावा. हे काम टाळले तर तिथल्या दप्तरी ती अविवाहितच राहते. वर्षाच्या आत नोंद केली तर ठीक, उशीर झाला तर उशिराचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

आता प्रत्यक्ष व्हिसा. भारतीय नागरिकाच्या परदेशी पत्नीसाठी एंट्री व्हिसाचा एक्स-२ हा प्रकार आहे. ती फिलिपिन्समध्ये असेल तर मनिलाच्या भारतीय दूतावासात अर्ज करायचा. टुरिस्ट व्हिसावर येऊन इथे लग्न केले असेल तर त्याचे एक्स-२ मध्ये रूपांतर होते, मात्र लग्नही आणि अर्जही चालू व्हिसाच्या मुदतीत हवा. अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या (एफआरआरओ) संकेतस्थळावर होतो. नोंदणीकृत विवाहदाखला, दोघांचे पासपोर्ट, नवऱ्याचे हमीपत्र, पत्त्याचा पुरावा हे जोडायचे. पत्त्यासाठी महावितरणचे वीजबिल किंवा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार द्यावा, नुसत्या नोटरी केलेल्या करारावर विसंबू नये. घर वडिलांच्या नावावर असेल तर वीजबिलासोबत वडिलांचे संमतीपत्र आणि ओळखपत्र आधीच जोडावे, विचारणा येण्याची वाट पाहू नये.

रूपांतरासाठी दोघे एकत्र राहतात का, याची पोलिसांकडून चौकशी होते. घरी माणूस येतो, शेजाऱ्यांना विचारतो. नवरा जहाजावर असेल तर ही चौकशी लटकते. जहाजावरच्या मंडळींनी अर्ज सुट्टीच्या सुरुवातीला करावा, साइन-ऑनची, म्हणजे पुन्हा जहाजावर रुजू होण्याची तारीख जवळ आल्यावर नव्हे. सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनला सून फिलिपिन्सची आहे हे माहीत असले तर अर्धे काम सोपे होते.

पोलिसांच्या हद्दीही नीट पाहाव्यात. ऐरोली ठाणे जिल्ह्यात, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचे. खारघर रायगडमध्ये, तरी आयुक्तालय नवी मुंबईच. मीरा रोड ठाणे जिल्ह्यात, पण २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचे आयुक्तालय स्वतंत्र आहे. कल्याण, डोंबिवली, भिवंडी ठाणे आयुक्तालयात. विवाह अधिकारी जिल्ह्याप्रमाणे आणि पोलीस आयुक्तालयाप्रमाणे, अशी ही दुहेरी वाटणी आहे. अर्जात पत्ता चुकीचा निवडला की फाईल भलत्याच टेबलावर जाऊन पडते.

१८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर ती आली तर १४ दिवसांत एफआरआरओकडे नोंदणी करायची. त्याआधीचे एक काम बहुतेक कुटुंबांना ठाऊकच नसते. परदेशी व्यक्ती घरी उतरली की घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन कळवायचे. लोक याला "सी फॉर्म" म्हणतात आणि तो हॉटेलवाल्यांचा समजतात. तो घरालाही लागू आहे, सासरालाही. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला असून १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे गेले. मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद नव्या कायद्यात आहे.

मुदत संपू देण्याचा याहून मोठा फटका बाळाला बसू शकतो. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय ठरायचे तर आईवडिलांपैकी एक भारतीय आणि दुसरा जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आहे. मुदत संपून राहिलेली व्यक्ती बेकायदा स्थलांतरित धरली जाते. बाळंतपणाच्या गडबडीत व्हिसाची तारीख उलटली, तर प्रश्न आईपुरता राहत नाही. सातव्या महिन्यात डॉक्टरांच्या तारखेबरोबर व्हिसाची तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

मनिला विमानतळावरची अडचण इथल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. परदेशी नवऱ्याकडे राहायला निघालेल्या फिलिपिनो पत्नीला तिथल्या सीएफओ या, परदेशी जाणाऱ्या फिलिपिनोंसाठीच्या सरकारी आयोगाचे समुपदेशन करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. पूर्वी पासपोर्टवर स्टिकर असे, आता प्रमाणपत्र डिजिटल आहे. परदेशी विवाहांच्या नावाखाली होणाऱ्या बायकांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी तिथे १९९० मध्ये आणि नंतर २०१६ मध्ये कायदे झाले, त्याला पूरक अशी ही व्यवस्था आहे, आणि ती योग्यच आहे. घोळ होतो तो असा: टुरिस्ट म्हणून आली, इथे लग्न, इथेच एक्स-२, मग नाताळला माहेरी. परतताना काउंटरवर सीएफओचे प्रमाणपत्र मागितले जाते, ते नसते, विमान निघून जाते. तिकडे याला "ऑफलोड" म्हणतात. माहेरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात हे समुपदेशन उरकावे, मग लेचोन (तिकडचे अख्खे भाजलेले डुक्कर) खावे.

एक्स-२ वर नोकरी करता येत नाही. शाळा, सलून, कॉल सेंटर, काहीच नाही. सलग राहिल्यास आधार आणि पॅन मिळते. आधारसाठी मागील १२ महिन्यांत १८२ दिवसांचे वास्तव्य लागते आणि हे आधार व्हिसाच्या मुदतीपुरतेच असते. नोकरीची मोकळीक ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डानंतर मिळते. त्यासाठी लग्न नोंदणीकृत हवे आणि ते अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेले हवे. मंदिरात लग्न आधी आणि नोंदणी तीन वर्षांनी, असे केलेल्यांना तो उशीर इथे भोवतो. भारतातून अर्ज करताना टुरिस्ट व्हिसा चालत नाही, सहा महिन्यांचे सलग वास्तव्य लागते, शुल्क १५,००० रुपये. कार्ड मिळाले तरी मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावच्या जमिनीच्या खरेदीखतात सुनेचे नाव घालायचा विचार असेल त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. पत्नी म्हणून ओसीआय घेतलेल्या व्यक्तीने नवा पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो, फोटो आणि लग्न कायम असल्याचे घोषणापत्र संकेतस्थळावर चढवायचे असते. हे विसरणारे पुष्कळ.

शेवटी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील विवाह नोंदणी कार्यालयांना एक विनंती. परदेशी वधू-वरांसाठी मराठी आणि इंग्रजीत एका पानाची सूचना दर्शनी भागात लावावी. आपली हद्द कोणती, परदेशी पक्षाचे कोणते कागद लागतात, आणि नाव पासपोर्टप्रमाणेच लिहिले जाईल, मधल्या नावाच्या रकान्यात वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव घातले जाणार नाही, एवढे त्यात असावे. छपाईचा खर्च फारसा नाही, आणि दुरुस्तीसाठी येणारे निम्मे अर्ज त्यातूनच कमी होतील.

कळावे,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई